जर्सीमध्ये डिपेन्डन्सी इंजेक्शन आणताना

औषधांच्या घाऊक वितरकांच्या साठ्याची नोंद ठेवणारी एक वेब सर्व्हिस आमच्या टीमकडे आली, तेव्हा ती नीट चालत होती. कोणत्या गोदामात कोणत्या बॅचचे किती खोके आहेत, कोणत्या बॅचची मुदत संपत आली आहे, कोणत्या दुकानाला काय पाठवायचं, अशी तिची कामं. जावा 8, जर्सी 2 (जावात वेब सर्व्हिस लिहायचं फ्रेमवर्क) आणि मागे मायएसक्यूएलचा डेटाबेस. ग्राहकांची तक्रार नव्हती. पण तिच्या कोडमध्ये हात घालायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघायचे. इथे एक ओळ बदलली तर तिकडे काय हलेल, याचा कुणालाच भरवसा नव्हता.

कोड उघडला की कारण दिसायचं. साठ्याचा रिसोर्स क्लास, म्हणजे बाहेरून येणारी रिक्वेस्ट घेणारा क्लास, आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये स्वतःच ‘न्यू’ लिहून साठ्याची सेवा बनवायचा. ती सेवा तसंच ‘न्यू’ लिहून डेटाबेसशी बोलणारा क्लास बनवायची. आणि तो क्लास एका स्टॅटिक मेथडकडून कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसची उघडून ठेवलेली कनेक्शन्स, मागून घ्यायचा. जर्सी ज्या स्टँडर्डवर चालते त्या जॅक्स-आरएसमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर रिसोर्स क्लासचा ऑब्जेक्ट दर रिक्वेस्टला नवा बनतो. म्हणजे ही सगळी उतरंड दर रिक्वेस्टला नव्यानं उभी राहायची. पूल स्टॅटिक होता म्हणून निभावत होतं. पण त्याच स्टॅटिकमुळे टेस्ट लिहिणं जवळजवळ अशक्य झालं होतं. औषधाची मुदत तपासणाऱ्या चार ओळींची टेस्ट घ्यायची तरी आधी मायएसक्यूएल चालू करा, टेबलं भरा, आणि आजची तारीख सोयीची असेल अशी आशा धरा.

डिपेन्डन्सी इंजेक्शन आणायचं, म्हणजे क्लासला लागणाऱ्या गोष्टी त्यानं आत न बनवता बाहेरून द्यायच्या, हे ठरायला वेळ लागला नाही. ते जोडकाम कोणत्या लायब्ररीनं, म्हणजे कोणत्या कंटेनरनं करायचं, यावर मात्र बरीच चर्चा झाली. टीममधल्या दोघांचा अनुभव स्प्रिंगचा होता, त्यांना तेच हवं होतं. गूगलच्या ज्यूस लायब्ररीचं नावही निघालं. माझं मत एचके-टू या कंटेनरच्या बाजूनं होतं, कारण जर्सी 2 स्वतःचं सगळं काम आतून एचके-टू वापरूनच करते. ते आधीपासून घरात होतं. आणखी एक कंटेनर आणला की दोन कंटेनरांना जोडणारा सांधा आला, आणि दोघांच्या मध्ये काही बिघडलं की कुणाकडे बघायचं हा प्रश्न आला. शिवाय 2009 मध्ये आलेल्या जेएसआर 330 या जावाच्या स्टँडर्डमुळे इंजेक्ट, नेम्ड, क्वालिफायर, स्कोप आणि सिंगलटन या ॲनोटेशन्स (कोडवर लावायच्या खुणा) आणि प्रोव्हायडर हा इंटरफेस स्प्रिंग, ज्यूस आणि एचके-टू या तिघांनाही कळतात. ते स्टँडर्ड मांडताना स्प्रिंगचे रॉड जॉन्सन आणि ज्यूसचे बॉब ली एकत्र आले होते. आपल्या क्लासमध्ये फक्त तेवढंच वापरायचं, एचके-टूची स्वतःची नावं एकाच फाइलपुरती ठेवायची, म्हणजे उद्या कंटेनर बदलायची वेळ आली तरी फक्त ती फाइल बदलेल. हा मुद्दा सगळ्यांना पटला.

सुरुवात कंटेनरपासून केली नाही, हे मला आजही सगळ्यात बरोबर वाटतं. आधी फक्त कन्स्ट्रक्टर बदलले. ज्या क्लासला जे लागतं ते त्यानं कन्स्ट्रक्टरमध्ये मागायचं, आत ‘न्यू’ लिहायचं नाही. सगळ्यात खालच्या थरापासून वर येत गेलो: आधी डेटाबेसशी बोलणारे क्लास, मग सेवा, मग रिसोर्स. मधल्या काळात सगळं जोडण्याचं काम एका साध्या क्लासमध्ये हातानं केलं. कुठलीही लायब्ररी नाही, नुसती जावा. या टप्प्यावरच निम्मा फायदा पदरात पडला होता. सेवेची टेस्ट लिहिताना डेटाबेसच्या जागी एक खोटा क्लास देता येऊ लागला, आणि टेस्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत संपू लागली. एका क्लासचा कन्स्ट्रक्टर तर इतका लांबला की तो क्लास एकट्यानं किती कामं करतोय हे न सांगता कळलं. आधी तेच ओझं आतल्या ‘न्यू’मागे लपलेलं होतं.

मग बाइंडर लिहिला, म्हणजे कुणी काय मागितलं की काय द्यायचं हे कंटेनरला सांगणारी फाइल. जर्सीत हे करायची पद्धत सरळ आहे. ॲबस्ट्रॅक्टबाइंडरचा सबक्लास बनवायचा, त्याच्या कॉन्फिगर मेथडमध्ये ‘हा क्लास या इंटरफेससाठी बांध’ अशा ओळी लिहायच्या, आणि तो बाइंडर रिसोर्सकॉन्फिगमध्ये रजिस्टर करायचा. रिसोर्स क्लास स्वतः बाइंडरमध्ये लिहावे लागत नाहीत, ते जर्सीला आधीच माहीत असतात.

सर्व्हर चढला. पहिली रिक्वेस्ट पाठवली आणि पाचशेचा, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या चुकीचा, एरर आला. लॉगमध्ये लांबलचक मल्टिएक्सेप्शन, आणि त्यात अनसॅटिस्फाइड डिपेन्डन्सी एक्सेप्शन. एचके-टूबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा मजकूर कधी ना कधी दिसतोच, म्हणून तो कसा वाचायचा ते सांगते. वरच्या ओळी सोडून द्यायच्या आणि ‘रिक्वायर्डटाइप’ हा शब्द शोधायचा. त्याच्यापुढे जे नाव आहे, ते कंटेनरला मिळालेलं नाही. त्याच वाक्यात ‘पेरेंट’पुढे जे नाव आहे, त्या क्लासनं ते मागितलं होतं. एवढ्या दोन गोष्टी कळल्या की बहुतेक वेळा उत्तर समोर असतं. आमच्या बाबतीत एका क्लासनं इंटरफेस न मागता थेट अंमलबजावणीचा क्लास मागितला होता. एचके-टूमध्ये तुम्ही एखादा क्लास इंटरफेससाठी बांधलात तर तो फक्त त्या इंटरफेसच्या नावानंच मिळतो. स्वतःच्या नावानं हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. ज्यूस अशा वेळी साधा क्लास असेल तर आपणहून बनवून देतं, एचके-टू देत नाही. मला एचके-टूचा हा काटेकोरपणा आवडतो. बाइंडरमध्ये जे लिहिलंय तेवढंच अस्तित्वात आहे, असं धरून फाइल वाचता येते.

एक गोष्ट मात्र खटकली. बाइंडरमध्ये एखादी ओळ राहिली तर जर्सी सर्व्हर चढताना काही बोलत नाही. रिसोर्सचा ऑब्जेक्ट रिक्वेस्ट आल्यावर बनतो, त्यामुळे चूकही तेव्हाच उघडी पडते. महिन्यातून एकदा वापरला जाणारा एखादा रिपोर्ट असेल, तर महिनाअखेरीला ग्राहकासमोर. म्हणून जर्सीचं टेस्ट फ्रेमवर्क घेतलं आणि इन-मेमरी कंटेनरवर प्रत्येक रिसोर्सला एक तरी रिक्वेस्ट जाईल अशी टेस्ट लिहिली. उत्तर काय येतं याकडे ती बघत नाही, पाचशे येत नाही ना एवढंच बघते. डेटाबेसच्या जागी खोटे क्लास देणारा दुसरा बाइंडर तिथे लावला. नवीन रिसोर्स आला आणि त्याची ओळ या टेस्टमध्ये नसेल तर रिव्ह्यू पुढे जात नाही, असा नियम केला. हे सगळ्यात कंटाळवाणं काम होतं, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडलं.

आता स्कोपबद्दल, म्हणजे ऑब्जेक्टच्या आयुष्याबद्दल, कारण माझ्या मते डिपेन्डन्सी इंजेक्शनमधलं खरं शिकण्यासारखं प्रकरण हेच आहे. ऑब्जेक्ट कोण बनवणार, हा प्रश्न लवकर सुटतो. तो किती काळ राहणार आणि कुणाकुणात वाटला जाणार, हा प्रश्न प्रत्येक ओळीला नव्यानं विचारावा लागतो. गावजेवणात भाताचं पातेलं सगळ्यांना मिळून एकच असतं आणि पत्रावळ प्रत्येकाची वेगळी, जेवण झालं की टाकून द्यायची. पूल, कॅश, सेटिंग्ज ही पातेली. लॉग-इन केलेला वापरकर्ता ही पत्रावळ. यांची अदलाबदल झाली तर कंपायलर काही बोलत नाही, सर्व्हरही चढतो.

कनेक्शन पूल बांधणारी ओळ रिव्ह्यूला आली तेव्हा तिच्यात स्कोप लिहिलेला नव्हता. मी तिथे थांबले, तर सहकारी म्हणाला, “अगं, स्प्रिंगमध्ये आपोआप सिंगलटन असतो ना?” सिंगलटन म्हणजे सगळ्यांना मिळून एकच ऑब्जेक्ट. स्प्रिंगमध्ये असतो, हे खरं. एचके-टूच्या बाइंडरमध्ये मात्र काही लिहिलं नाही तर स्कोप ‘परलुकअप’ धरला जातो, म्हणजे जो मागेल त्याला दर वेळी नवा. आम्ही दोघांनी तिथेच बसून हिशेब मांडला. हिकारीसीपी या लायब्ररीचा पूल डिफॉल्टनं 10 कनेक्शन्सचा असतो, आणि कामाविना रिकामी ठेवायची कनेक्शन्सही तेवढीच असतात, म्हणजे पूल उभा राहिला की दहाच्या दहा उघडली जातात. मायएसक्यूएलची डिफॉल्ट मर्यादा 151. पूल बनवणाऱ्या आमच्या फॅक्टरीतली डिस्पोज मेथड रिकामी होती, त्यामुळे उघडलेला पूल बंद करणारं कुणीच नव्हतं. पंधरा वेळा पूल मागितला गेला की 150 कनेक्शन्स, आणि सोळाव्यात मायएसक्यूएलचं ‘टू मेनी कनेक्शन्स’. ओळीच्या शेवटी ‘इन सिंगलटन’ एवढं जोडलं आणि डिस्पोजमध्ये पूल बंद करायचा कोड लिहिला. त्यानंतर आम्ही ठरवलं की बाइंडरमधली एकही ओळ स्कोपशिवाय राहणार नाही. परलुकअप हवा असेल तरी तो शब्द लिहायचा. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे विचार करून लिहिलंय.

याच्या उलट बाजूचा प्रश्न जास्त गंभीर होता. आमच्या सर्व्हिसवर अनेक वितरक आहेत, आणि एकाला दुसऱ्याचा साठा दिसता कामा नये. टोकन तपासणारा फिल्टर कोणता वितरक आहे ते ठरवतो. ती माहिती सेवेपर्यंत पोचवायची होती. सेवा सिंगलटन, वितरक दर रिक्वेस्टला वेगळा. आता सिंगलटन सेवेचा कन्स्ट्रक्टर आयुष्यात एकदाच चालतो. त्या वेळी जो वितरक हाताशी असेल तो जर तिनं धरून ठेवला, तर पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला तोच पहिला वितरक दिसत राहील. अहिल्यानगरच्या वितरकाला कोल्हापूरच्या वितरकाचा साठा.

जर्सीत यावर उपाय आहे तो प्रॉक्सीचा. वितरकाची माहिती रिक्वेस्टस्कोप्ड म्हणून बांधायची आणि त्या ओळीत प्रॉक्सी चालू करायची. मग सेवेच्या हातात खरा वितरक येत नाही, त्याच्या नावानं उभा असलेला एक प्रॉक्सी ऑब्जेक्ट येतो. त्याची मेथड बोलावली की तो त्या क्षणी चालू असलेल्या रिक्वेस्टचा खरा वितरक शोधून त्याला पुढे विचारतो. यासाठी आम्ही वितरकाचा एक छोटा इंटरफेस केला, कारण इंटरफेसची प्रॉक्सी विनातक्रार बनते. जोडीला ‘प्रॉक्सी फॉर सेम स्कोप’ बंद ठेवलं, म्हणजे रिक्वेस्टच्याच स्कोपमधल्या क्लासेसना विनाकारण प्रॉक्सी मिळत नाही, थेट ऑब्जेक्ट मिळतो. हे लावल्यावर एकाच वेळी अनेक थ्रेड्समधून वेगवेगळ्या वितरकांच्या रिक्वेस्ट पाठवणारी टेस्ट लिहिली, आणि प्रत्येकाला स्वतःचाच साठा मिळतो हे तपासलं. ही टेस्ट आजही प्रत्येक बिल्डला चालते.

सगळं छान चाललं, रात्रीचं काम सुरू होईपर्यंत. मुदत संपत आलेल्या बॅचेसची यादी रात्री एक शेड्युलर बनवतो. तो त्याच सेवेला बोलावतो, पण त्याच्या थ्रेडवर रिक्वेस्टच नसते. प्रॉक्सीनं चालू रिक्वेस्ट शोधली, मिळाली नाही, आणि लॉगमध्ये ओळ आली: ‘नॉट इनसाइड अ रिक्वेस्ट स्कोप’. कृत्रिम रिक्वेस्ट स्कोप उघडून काम चालवता येतं, जर्सीत तशी सोय आहे. आम्ही तो मार्ग घेतला नाही. सेवेतून वितरक काढून टाकला आणि प्रत्येक मेथडला वितरकाचा क्रमांक साध्या पॅरामीटरसारखा दिला. रिसोर्स क्लास दर रिक्वेस्टला नवाच बनतो, तिथे वितरक इंजेक्ट करणं स्वाभाविक आहे. तिथून खाली तो हातानं द्यायचा. प्रॉक्सी ही हुशार सोय आहे, पण ‘कुणाचा साठा’ हा या सगळ्या धंद्यातला पहिला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मेथडच्या नाव-पॅरामीटरच्या ओळीतच डोळ्यांना दिसलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. त्यामुळे एखाद्या नवीन मेथडमध्ये वितरक द्यायचा राहिला तर कोड कंपाइलच होत नाही.

घड्याळाचा किस्सा लहान आहे, पण मला तो फार आवडतो. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर मुदत महिना आणि वर्ष अशी छापतात, आणि तिचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असा असतो. जुन्या कोडमध्ये मुदत तपासणारी मेथड ‘आज कोणती तारीख’ हे थेट सिस्टिमला विचारायची. सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर होता. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे महिना बदलल्यावर पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या मते आदला महिनाच चालू असायचा, आणि संपलेली बॅच चालू दिसायची. जावा 8 मध्ये ‘क्लॉक’ नावाचा क्लास आहे. तो कन्स्ट्रक्टरमध्ये मागितला, आणि बाइंडरमध्ये एकाच ओळीत भारतीय वेळेचं घड्याळ बांधलं. टेस्टमध्ये त्या जागी गोठवलेलं घड्याळ दिलं: एकदा 31 मार्चच्या रात्री अकरा एकोणसाठवर, एकदा 1 एप्रिलच्या मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटावर. आधी जी गोष्ट तपासायला महिनाअखेरीची रात्र जागावी लागली असती, ती दोन छोट्या टेस्टमध्ये बसली. डिपेन्डन्सी इंजेक्शन कशाला, असं कुणी विचारलं की मी डेटाबेसचं उदाहरण देत नाही, घड्याळाचं देते.

पुढे जर्सीची आवृत्ती वाढवायची वेळ आली. 2.26 पासून जर्सीनं एचके-टूला स्वतःच्या गाभ्यातून वेगळं काढलं. इंजेक्शनची अंमलबजावणी आता वेगळ्या मॉड्यूलमध्ये असते आणि ते मॉड्यूल मेव्हन या बिल्डच्या साधनाच्या फाइलमध्ये आपण लिहावं लागतं. नाही लिहिलं तर सर्व्हर ‘इंजेक्शनमॅनेजरफॅक्टरी नॉट फाउंड’ म्हणून चढायचंच नाकारतो. हे बरं, निदान लगेच कळतं. दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही. आता ॲबस्ट्रॅक्टबाइंडर नावाचे दोन क्लास आहेत, एक एचके-टूचा आणि एक जर्सीचा. एचके-टूच्या बाइंडरला फॅक्टरी म्हणून त्याचा स्वतःचा फॅक्टरी इंटरफेस लागतो, जर्सीच्या बाइंडरला जावाचा साधा सप्लायर चालतो. इंटरनेटवरची अर्धी उदाहरणं एकाची आणि अर्धी दुसऱ्याची. एखादं उदाहरण कंपाइल होत नसेल तर डोकं खाजवण्याआधी वरची इम्पोर्टची ओळ बघा. आम्ही जर्सीचा बाइंडर घेतला. एचके-टूची नावं एकाच फाइलमध्ये कोंडलेली होती, म्हणून हा बदल एका बैठकीत आटोपला.

जर्सी 3 वर जाताना मात्र पसारा मोठा होता. ओरॅकलनं जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवल्यानंतर पॅकेजची नावं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’वर गेली, आणि इंजेक्ट ॲनोटेशनही त्यात आली. कोडबेसमध्ये जागोजागी इम्पोर्ट बदलायचे होते. सगळ्यात फसवी जागा होती ती फील्डवर लावलेली जुनी ॲनोटेशन. दुसऱ्या कुठल्या तरी लायब्ररीमुळे जुनी जार फाइल क्लासपाथवर होतीच, त्यामुळे कोड कंपाइल व्हायचा. आमच्या आवृत्तीतला कंटेनर मात्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. फील्ड रिकामं राहायचं आणि खूप पुढे, भलत्याच ओळीवर नलपॉइंटर एक्सेप्शन यायचं. कन्स्ट्रक्टरवर जुनी ॲनोटेशन राहिली असेल तर असं होत नाही. योग्य कन्स्ट्रक्टर सापडत नाही म्हणून कंटेनर ऑब्जेक्ट बनवायलाच नकार देतो आणि क्लासचं नाव घेऊन सांगतो. कन्स्ट्रक्टर इंजेक्शनच्या बाजूनं मी तोपर्यंत बरीच कारणं ऐकली होती, वाचली होती. मला सगळ्यात पटलं ते हे. आता फील्डवर इंजेक्ट लिहायला आमच्याकडे बंदी आहे, आणि जुनी इम्पोर्टची ओळ दिसली तर बिल्ड मोडतो.

दोन सेवा एकमेकींना मागतात, असाही एक गुंता निघाला. साठ्याच्या सेवेला ऑर्डरची सेवा हवी, ऑर्डरच्या सेवेला साठ्याची. हातानं जोडायच्या टप्प्यावरच तो सापडला होता, कारण आधी कोणता ‘न्यू’ लिहायचा हेच कळेना. प्रोव्हायडर इंटरफेस वापरून एक बाजू उशिरा मागवता येते, तशी सूचनाही आली. आम्ही दोघींना लागणारा भाग, म्हणजे माल राखून ठेवण्याचा हिशेब, तिसऱ्या क्लासमध्ये काढला. त्या क्लासला आम्ही ‘राखीव साठा’ असंच नाव दिलं, आणि ग्राहकांशी बोलताना ते जो शब्द वापरतात तोच कोडमध्ये आला.

नवीन आलेल्या मुलामुलींना आता मी पहिल्या दिवशी बाइंडरची फाइल उघडून देते. सर्व्हिसमध्ये काय काय आहे, कशाचा एकच ऑब्जेक्ट आहे, कशाचा दर रिक्वेस्टला नवा बनतो, हे सगळं तिथे दोन-तीन स्क्रीनमध्ये मावतं. त्यातले काही जण उत्साहानं पुढे जातात आणि बॅच, किंमत, प्रमाण असे क्लासही इंजेक्ट करू लागतात. ते मी थांबवते. बॅच ही माहिती आहे. तिला कुणाची मदत लागत नाही, ती डेटाबेसमधून किंवा रिक्वेस्टमधून येते आणि काम झालं की जाते. तिथे ‘न्यू’च लिहायचं. रिपोर्टांचा एक जुना भाग अजून स्टॅटिक मेथडवर चालतो. पुढच्या तिमाहीत तो हाती घेणार आहोत, आणि तिथेही पहिलं काम कन्स्ट्रक्टरचंच असेल.